गावाची डॉक्टरीण गावकुसाबाहेरची

(वस्तीतल्या तरुणांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोललो तसंच, थोडं झाडूनपुसून.)



मला विषय दिलाय 'आरोग्यव्यवस्था आणि आपला समाज'. मी डॉक्टर नाही, कंपाउंडरही नाही. माझी आजी आणि माझी आई, या दोघींनी जन्मभर माणसं जगवायचं काम केलं आणि दोघींनाही त्या कामाची नोकर म्हणून कुणी कधी मोजलं नाही. एवढ्या भांडवलावर मी इथं उभा आहे.

आधी एक टोचणारी गोष्ट सांगून टाकतो. 1972 साली मुंबईत पँथर जन्मली तेव्हा नाव घेतलं ते अमेरिकेतल्या काळ्या पँथरांचं. हे आपण छाती फुगवून सांगतो. पण त्या काळ्या पोरांनी 1970 च्या सुमारास आपल्या शाखांना हुकूम काढला होता, की आपापल्या वस्तीत फुकट दवाखाना उघडा. जमेल तिथं त्यांनी उघडले. सिकलसेल हा रक्ताचा आजार काळ्यांत जास्त, आणि गोऱ्या वैद्यकशास्त्राला त्याचं सोयरसुतक नव्हतं, म्हणून ही पोरं वस्तीत फिरून लोकांचं रक्त तपासायची. आपण नाव घेतलं, आवेश घेतला, दवाखाना तेवढा तिकडंच राहिला. आणि तोच सिकलसेल आपल्या विदर्भात आदिवासींच्या आणि आपल्या लोकांच्या रक्तात आहे. राग आला तर येऊ दे. पुढचं ऐका.

माझी आजी नगर जिल्ह्यातली. आता 2024 पासून त्याचं नाव अहिल्यानगर, पण आजीच्या तोंडी नगरच होतं. मांगवाड्यात घर. ती सुईण. गावात कुणाचंही बाळंतपण असो, रात्री-बेरात्री कंदील घेऊन गडी यायचा. जिथं एरवी तिची सावली चालत नव्हती, त्या वाड्यातल्या आतल्या अंधाऱ्या खोलीत तिचे हात चालायचे. मूल सोडवायची, नाळ कापायची, वार पुरायची, बाळंतिणीला न्हाऊ घालायची. बारावा उरकला की घर सारवून घ्यायचे आणि आजीला ओट्याखाली उभं करून तिच्या पदरात वरून ज्वारी टाकायचे. तिच्या हातावर जन्मलेलं पोर मिसरूड फुटलं की तिला 'ए मांगीण' म्हणून हाक मारायचं. जगातल्या सगळ्यात अवघड कामाला या धर्मानं विटाळ ठरवलं, आणि विटाळ ठरला म्हणून ते आमच्या वाट्याला आलं.

पण मी आजीचा देव करणार नाही. नाळ कापायला ती विळा घ्यायची. तापवायची नाही. धनुर्वातानं किती लेकरं गेली त्याचा हिशेब तिच्याकडं नव्हता. आमच्या घरातली दोन गेली, हे तिनंच सांगितलं. हात होते, शास्त्र नव्हतं. शास्त्र शहरात बसलं होतं, पांढरा कोट घालून. हे दोन्ही एकत्र आले तर काय होईल?

ते एका ठिकाणी झालं, आणि ते आजीच्याच जिल्ह्यात झालं. म्हणून आज मला जामखेडबद्दल बोलायचंय.

जामखेड म्हणजे दुष्काळी तालुका, बीडच्या शिवेवरचा. 1970 साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे नवरा-बायको तिथं आले. दोघं वेल्लोरला डॉक्टर झालेले, पुढं अमेरिकेत सार्वजनिक आरोग्य शिकून आलेले. हॉस्पिटल बांधून खोऱ्यानं पैसा ओढला असता तरी कुणी नावं ठेवली नसती. त्यांनी हिशेब वेगळा मांडला. आसपासची सुमारे 30 गावं, चाळीस हजारांच्या घरातली वस्ती. या सगळ्यांचं आरोग्य हा आपला धंदा, असं ठरवलं. दवाखान्यात जो चालत येईल तेवढाच रोगी मोजायचा, ही आपल्या व्यवस्थेची जुनी खोड. जो येऊच शकत नाही, त्याला मोजायला हे निघाले.

मोजलं तेव्हा काय दिसलं? हजार लेकरं जन्मली की वर्षाच्या आत 176 मरायची. हा आकडा वाचताना मला बाबासाहेब आणि रमाई आठवतात. पाच लेकरांतली चार गेली. राजरत्न 1926 साली गेला, आणि पुढच्याच मार्चात बाबासाहेब महाडला चवदार तळ्याच्या काठावर उभे होते. पाणी आणि लेकराचं मरण यांचा संबंध सांगायला आपल्याला कुठल्याही पुस्तकाची गरज नव्हती.

आरोळ्यांनी गावाला विचारलं, तर लोक म्हणाले, दवाखाना राहू द्या, पाणी द्या, खायला द्या. त्यात 1972 चा दुष्काळ पडला. मग कूपनलिका खोदायचं ठरलं, आणि इथं त्यांनी जी गोष्ट केली तिला मी सलाम करतो. हातपंप बसवताना ते दलित वस्तीतली जागा धरायचे. पाणी आमच्या वाड्यात. ज्याला हवंय त्यानं हंडा घेऊन इकडं यावं. तहान लागल्यावर सोवळं किती टिकतं? लोक आले. शिव्या घालत आले असतील, पण आले. हगवण, कॉलरा, टायफॉइड हे घाण पाण्यातून येणारे रोग, आणि त्या पाण्याची वाट जातीनं अडवलेली. त्यांनी एका पंपानं दोन्ही गोष्टींना हात घातला. मुलांच्या खाण्याचंही तसंच. दुष्काळात कुपोषित पोरांना शिजवून घालायचं, आणि सगळ्या जातींची पोरं एका ठिकाणी बसवून घालायचं.

आता माणसांचं बघा. आधी त्यांनी गावागावांत शिकलेल्या नर्सबाई ठेवून पाहिल्या. ते जमलं नाही. एकट्या बाईला परक्या गावात राहणं अवघड, आणि गावाला ती परकी. मग गावांनीच आपल्यातली बाई निवडायची, असं ठरलं. बहुतेक बाया निरक्षर. कुणी विधवा, कुणी नवऱ्यानं टाकलेली, आणि कितीतरी दलित. या बाया दर आठवड्याला जामखेडला यायच्या, मुक्काम करायच्या. शिकायच्या, परत जायच्या, पुढच्या आठवड्यात गावचं गाऱ्हाणं घेऊन पुन्हा यायच्या. एकत्र स्वयंपाक, एकत्र जेवण, एकाच ठिकाणी झोपणं. मराठ्याची बाई आणि मांगाची बाई एका ताटवाढीत. पहिल्या दिवसांत कुणाकुणाच्या घशाखाली घास उतरला नसेल, मला कल्पना करता येते.

काय शिकायच्या? फार मोठं शास्त्र नव्हे, हेच तर मला तुम्हाला सांगायचंय. हात धुवा. नाळ कापायचं पातं उकळून घ्या. जुलाब झाले तर पोराचं पाणी तोडू नका, उलट मीठ-साखरेचं पाणी पाजा. गरोदर बाईला धनुर्वाताची सुई टोचून घ्या. पोराचं वजन करा. तीन आठवडे खोकला असेल तर थुंकी तपासायला पाठवा. अंगावर चट्टा असेल आणि तिथं टोचलेलं कळत नसेल तर तो महारोग, औषधानं बरा होतो, माणसाला गावाबाहेर काढू नका. हातावरून जाणारी अडलेली बाई ओळखा आणि वेळेत जामखेडच्या दवाखान्यात पाठवा. खाली ही बाई, मध्ये गावोगाव फिरणारं पथक, वर दवाखाना. खालून वर जायचा रस्ता मोकळा. माझ्या लेखी प्रादेशिक आरोग्यव्यवस्था म्हणतात ती ही.

1976 पर्यंत ते 176 उतरून 52 वर आले. पाच वर्षांत. नवं औषध सापडलं नव्हतं, यंत्र आलं नव्हतं. 1979 साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याआधी 1975 मध्येच जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तकात जामखेडवर प्रकरण आलं होतं, आणि 1978 ला अल्मा-आटाच्या परिषदेत 'सर्वांसाठी आरोग्य' अशी जी घोषणा झाली, तिच्यामागं जी थोडी उदाहरणं होती त्यांत हे एक. म्हणजे ज्या बाईच्या हातचं पाणी गाव पीत नव्हतं, तिच्याकडून जगानं धडा घेतला. गावानं किती घेतला, तो वेगळा विषय.

माझी एक तक्रार तिथंही आहे. त्या बायांना गावात मान मिळाला, धंद्याला कर्ज मिळालं, पण कायमच्या नोकरीचा पगार नव्हता. संस्था म्हणेल, पगार दिला की ती गावाची राहत नाही, आमची होते. असेल. पण डॉक्टरला पगार मिळाल्यानं तो लोकांचा राहत नाही, असं कुणी म्हणतं का? सेवाभाव नेहमी खालच्याच पायरीवर का उगवतो?

हाच धागा सरकारनं उचलला. बाकीचं सोडून नेमका हाच. 2 ऑक्टोबर 1977 ला जनता सरकारनं हजार वस्तीमागं एक आरोग्यरक्षक अशी योजना काढली, महिना 50 रुपये. निवडले गेले ते बहुतेक पुरुष. गावच्या पुढाऱ्यांना घरातल्या पोरांची सोय झाली. जामखेडची विधवा त्या यादीत बसत नव्हती. मग 2005 ला ग्रामीण आरोग्य अभियान आलं, 'आशा' आली. पुन्हा हजारामागं एक, या वेळी बाईच. चांगलं झालं. पण शिक्षणाची अट आठवीची, म्हणजे जामखेडच्या त्या पहिल्या बाया दारातच नापास. आणि पदाचं नाव स्वयंसेविका. पगार नाही, कामागणिक मोबदला. बाळंतपणाला इतके, लसीकरणाला इतके, नोंदी करायच्या तितक्या कर. 2022 साली जागतिक आरोग्य संघटनेनं आशांचा गौरव केला. त्याच्या आदल्या वर्षी, जून 2021 मध्ये, कोरोना चालू असताना महाराष्ट्रातल्या सुमारे 70 हजार आशा संपावर होत्या, पैशासाठी. 2023 ला पुन्हा संप. आजीच्या पदरात वरून ज्वारी टाकायचे. आता बँकेत टाकतात, एवढा फरक.

माझी आई मुंबईतली आरोग्य स्वयंसेविका. कुठल्या दवाखान्याची ते सांगत नाही. चाळीस पायऱ्या चढून, गटारावरच्या फळीवरून, तिनं लोकांना टीबीच्या गोळ्या गिळायला लावल्या. समोर उभं राहून. एकदा तिलाच खोकला धरला. थुंकी तपासली, टीबी. गोळ्या फुकट मिळाल्या, ती व्यवस्था चांगली आहे, मी खोटं बोलणार नाही. पण सहा महिन्यांच्या उपचारात पहिले दोन महिने तिला काम जमेना. ती भरपगारी रजा मागायला गेली, तर टेबलामागचा साहेब म्हणाला, "बाई, रजा कर्मचाऱ्याला असते. तुम्ही स्वयंसेविका." ती घरी आली, भाकरी थापायला बसली आणि म्हणाली, "टीबीला कळलं नाय वाटतं मी कर्मचारी नाय ते."

खालची पायरी अशी भुसभुशीत ठेवली की वरचं घर कोसळतं. ऑक्टोबर 2023 च्या सुरुवातीला नांदेडच्या सरकारी रुग्णालयात एका दिवसात 24 माणसं दगावली, त्यांत 12 नवजात बाळं. राज्य हादरलं. मग एक खासदार तिथं गेले आणि त्यांनी आदिवासी अधिष्ठात्याच्या हाती झाडू देऊन त्याला संडास साफ करायला लावला. ॲट्रॉसिटीचा गुन्हा नोंदला गेला. बघा, बारा बाळं मेल्यावरही या व्यवस्थेला उपाय काय सुचला? आदिवासीच्या हातात झाडू. उपकेंद्रावर कुणी का नव्हतं, तालुक्याच्या दवाखान्यानं ते बाळ दीडशे किलोमीटर पुढं का ढकललं, हे विचारायला कॅमेरा लागत नाही, म्हणून ते कुणी विचारत नाही.

आता आपल्या शहरात या. गावात विहीर होती, इथं काय आहे? इथं ऊन आहे. हसू नका. गोवंडी-मानखुर्दकडच्या पुनर्वसन इमारतींचा डॉक्टर आणि इंजिनियर लोकांनी अभ्यास केलाय. इमारतीला इमारत चिकटलेली, खालच्या मजल्यावर ऊन नाही, वारा नाही, आणि तिथंच टीबी जास्त. झोपडी पाडून पक्कं घर दिलं आणि घरात अंधार दिला. टीबीचा जंतू उन्हात मरतो. म्हणजे आपल्या वस्तीत नकाशा पास करणारा अधिकारी हाही आरोग्य खात्याचाच माणूस आहे, फक्त त्याला ते ठाऊक नाही. त्याच्या दारात मोर्चा नेला तर तो आरोग्याचाच मोर्चा.

मला माहीत आहे, मोर्चाला दोनशे पोरं येतात आणि थुंकीचे डबे पोचवायला दोन. मीही त्या दोनशेतला. आईचा आजार होईपर्यंत मी एकदाही तिच्याबरोबर गल्लीत फिरलो नव्हतो. तिचं काम मला बायकी वाटायचं, खरं सांगतो. क्रांती वेगळी आणि गोळ्या वेगळ्या, असं डोक्यात.

तर एक ठरवलंय. आपल्या वस्तीत एकूण 11 गल्ल्या. प्रत्येक घरी जायचं आणि लिहायचं: नळ किती वाजता येतो, संडास किती माणसांत एक, खोकणारं कोण आहे, गरोदर कोण आहे, गेल्या वर्षभरात लेकरू गेलं का, दिवसा दिवा लावावा लागतो का. आरोळ्यांनीही सुरुवात मोजण्यानंच केली होती. ती यादी घेऊन आपण वॉर्ड ऑफिसात जाणार. यादीत पहिली मागणी पाण्याची, दुसरी या वस्तीतल्या स्वयंसेविकांना कर्मचारी म्हणून हजेरीपटावर घेण्याची. या क्रमावरून काल आमची भांडणं झाली. तुम्हाला उलटा क्रम हवा असेल तर आत्ता बोला.

येत्या रविवारी सकाळी आठला बुद्धविहाराच्या पायरीशी. दोघा-दोघांच्या जोड्या, त्यात एक मुलगी असावी, कारण बाळंतपणाचं तुम्हाला कुणी सांगणार नाही. पुढं आई असेल. तिनं निरोप दिलाय, पेन आणू नका, पेन्सिल आणा. नळाच्या वेळेला गल्लीत सगळं ओलं असतं, शाई फुटते.