ग्रीक दैवते आणि आजचे मूल
(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



कथा सांगणाऱ्याजवळच्या कथा सरल्या आणि ऐकणाऱ्याची भूक मात्र शमली नाही, तर काय घडते? अमेरिकेतील टेक्सास राज्यातले शिक्षक रिक रायर्डन यांच्या घरी हा प्रसंग आला. त्यांच्या लहान मुलाला वाचताना अक्षरे नीट लागत नसत आणि एका जागी चित्त स्थिर ठेवणेही कठीण जाई. शाळेला विटलेल्या या मुलाला ग्रीक पुराणकथा मात्र प्रिय होत्या. वडील रात्री निजताना त्या सांगत. ठाऊक असलेल्या कथा संपल्या तेव्हा मुलाने नवी कथा मागितली, आणि पर्सी जॅक्सन हा बालनायक जन्माला आला. २००५ साली ‘द लाइटनिंग थीफ’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली आणि २०१० साली ख्रिस कोलंबस यांच्या दिग्दर्शनाखाली तिच्यावर चित्रपट निघाला. आजचे विवेचन या दोन कलाकृतींच्या आधाराने करावयाचे आहे.

कथेचे सूत्र साधे आहे. देवराज झ्यूसचे वज्र चोरीला जाते आणि सागरदेव पोसायडनच्या मानवी पुत्रावर, म्हणजे पर्सीवर, आळ येतो. आपला पिता कोण हेच या मुलाला तोवर ठाऊक नसते. देवादेवांतील युद्ध टाळावयाचे तर वज्र परत पोचले पाहिजे. त्यातच पर्सीची आई मृतांच्या राज्यात नेली जाते. तिच्या शोधात पर्सी, अथीनेची कन्या अ‍ॅनाबेथ आणि अजपाद मित्र ग्रोव्हर अमेरिका ओलांडून पाताळाकडे निघतात.

देवांच्या वस्तीचे स्थलांतर या चित्रपटाने मोठ्या कौशल्याने घडविले आहे. ऑलिंपस आता न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या माथ्यावर आहे आणि पाताळाची वाट लॉस एंजेलिसच्या टेकडीवरील ‘हॉलिवूड’ या प्रचंड अक्षरांपाशी उघडते. होमरच्या ‘ओडिसी’त कमळ खाऊन घर विसरणारे खलाशी येतात. इथे ते कमळ लास वेगासच्या जुगारगृहात तबकातून फिरविले जाते आणि ते खाणाऱ्यांना दिवसांचे भान राहत नाही. मूळ पर्सियसने अथीनेच्या झगझगीत ढालीत प्रतिबिंब पाहून मेड्यूसाचे शिर छेदले. चित्रपटातील पर्सी आयपॉडच्या आरशासारख्या पाठीवर ते प्रतिबिंब पाहतो. साधन बदलले, परंतु जे थेट पाहिले असता माणूस दगड होतो ते प्रतिबिंबातून पाहता येते, हे जुन्या कथेतील शहाणपण अबाधित राहिले.

एका स्थळाचा उल्लेख शताब्दीच्या या मंडपात विशेष औचित्याचा ठरावा. चित्रपटातील एक झुंज नॅशव्हिल शहरातील पार्थेनॉनमध्ये घडते. अथेन्सच्या मंदिराची ही पूर्णाकृती प्रतिकृती टेनेसी राज्याच्या शताब्दीनिमित्त १८९७ साली भरलेल्या प्रदर्शनासाठी उभारली गेली. ती तात्पुरतीच होती. पण लोकांना ती पाडवेना, आणि पुढे १९२०च्या दशकात ती काँक्रीटमध्ये पुन्हा बांधण्यास आरंभ झाला. जुन्या देवांना नव्या भूमीत कायमचे घर मिळते ते असे.

तथापि स्थळे बदलणे तुलनेने सोपे. कथेतील वेदना बरोबर नेणे कठीण. रायर्डन यांनी ती नेली. पर्सीला इंग्रजी अक्षरे नाचताना दिसतात, कारण त्याची बुद्धी प्राचीन ग्रीक भाषेसाठी घडलेली आहे. तो वर्गात स्वस्थ बसू शकत नाही, कारण त्याचे शरीर रणांगणासाठी सज्ज आहे. शाळेने ज्याला वैगुण्य म्हटले तीच त्याच्या कुळाची खूण ठरते. देवपुत्र असूनही पित्याच्या ओळखीला पारखा झालेला हा मुलगा पाहून मराठी वाचकाला कर्ण आठवल्यावाचून राहत नाही. १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’ने ज्या दुःखाला वाचा दिली, त्याचेच हे बालरूप होय.

चित्रपट मात्र एका निर्णायक क्षणी मागे सरतो. ‘ओडिसी’च्या अकराव्या सर्गात ओडिसियसला मृतांच्या राज्याच्या सीमेवर आपली आई भेटते. तो तीनदा तिला कवटाळू पाहतो आणि तिन्ही वेळा ती सावलीसारखी निसटते. कादंबरीत या दुःखाचा प्रतिध्वनी आहे. पाताळातून सुटण्यासाठी मोती तीनच आणि माणसे चार, अशा पेचात बारा वर्षांचा पर्सी आईला मागे ठेवतो, कारण युद्ध थांबविण्याचे कर्तव्य आधी येते. आई त्याला पुढे परत मिळते. पण त्या क्षणी तसे आश्वासन त्याच्यापाशी नसते. चित्रपटात मोती तितकेच आहेत. परंतु मित्र ग्रोव्हर मागे राहतो आणि आई मुलाबरोबर परतते. प्रेक्षक सुखावतो, पण नायकाच्या खांद्यावरचा सर्वांत जड भार उतरलेला असतो.

नायकाचे वयही चित्रपटात वाढविले गेले. बारा वर्षांचा मुलगा तरुण झाला. हा बदल घातक ठरेल, असे लेखकाने निर्मात्यांना आधीच लिहून कळविले होते. ती पत्रे त्याने २०१८ साली प्रकट केली. डिसेंबर २०२३ मध्ये याच कथेवर नवी दूरचित्रमालिका सुरू झाली. तिच्या निर्मितीत स्वतः लेखक सहभागी होता, आणि तिच्यात नायक पुन्हा बारा वर्षांचा झाला.

यावरून चित्रपटाला हिणविण्याचे कारण नाही. मेड्यूसाच्या बागेतील पाषाणमूर्ती, पाताळातील अग्नी, शिखरावरील देवसभा या गोष्टी पडद्यावर पाहून किती तरी मुलांच्या मनात ‘हे मुळात कुठले?’ असा प्रश्न उठला असेल. तो प्रश्न उठविणे हे चित्रपटाचे श्रेय. परंतु मूल दुःखाला घाबरेल या भीतीने वडीलधारी माणसे कथेतील काटा काढून टाकतात, तेव्हा ती मुलाची शक्ती कमी लेखतात. ज्या मुलासाठी ही कथा प्रथम सांगितली गेली त्याला अक्षरांशी रोज झुंजावे लागत होते; कठीण गोष्टी त्याला अपरिचित नव्हत्या.

श्रोतेहो, चित्रपट पाहून आलेले एखादे मूल या ग्रंथालयाच्या देवघेवीच्या खिडकीशी उभे राहून त्या देवांची गोष्ट मागेल, तेव्हा त्याच्या हाती संपूर्ण गोष्ट पडावी. ते अडखळत वाचत असेल, तर कोणी तरी ती त्याला वाचून दाखवावी. पर्सी जॅक्सनचा जन्म अशाच वाचून न दाखविता आलेल्या, पण तोंडाने सांगितलेल्या गोष्टीतून झाला आहे.