जुन्या एमजीबीचा टॅकोमीटर

इंग्लंडमध्ये अ‍ॅबिंग्डनला 1962 ते 1980 या काळात बनलेली एमजीबी ही मोटारगाडी जपणाऱ्यांची एक नेहमीची तक्रार असते: इंजिन संथ चाललंय, पण इंजिनाचे मिनिटाचे फेरे दाखवणाऱ्या टॅकोमीटरचा काटा भलतंच काही सांगतोय.

एमजीबीतला स्मिथ्स कंपनीचा इलेक्ट्रॉनिक टॅकोमीटर इग्निशन कॉइलच्या तारेतले विजेचे ठोके मोजतो. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात दर फेऱ्याला दोन ठिणग्या पडतात. म्हणजे मिनिटाला 3000 ठोके, तर फेरे 1500. हे गणित पक्कं हवं, कारण सहा सिलिंडरच्या गाडीचा मीटर इथे लावला, तर तो एक तृतीयांश कमीच दाखवेल.

मीटर उघडण्याआधी अर्थिंग, गंजलेली टोकं आणि कॉन्टॅक्ट पॉइंट तपासा. नवं इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं असेल, तर ठोक्यांचं रूपच बदलू शकतं आणि जुना मीटर गोंधळू शकतो.

आतला दोष बहुधा वयानुसार मूल्य बदललेल्या कपॅसिटरचा आणि रेझिस्टरचा असतो. आत काटा जुळवायचा छोटा व्हेरिएबल रेझिस्टर असतो. तो आधी फिरवू नका, हे मी आग्रहाने सांगतो. त्याने मूळ दोष झाकला जातो. खराब भाग बदला, मग सिग्नल जनरेटरवरून 50 हर्ट्झ द्या: काटा 1500 वर यायला हवा. 100 हर्ट्झला 3000. एका ठिकाणी बरोबर आणि दुसऱ्या ठिकाणी चूक येत असेल, तर दुरुस्ती अजून संपलेली नाही.