बाकावरची बाटली

आज सिकलसेलबद्दल बोलायचंय, आणि तेही मुख्यतः शाळेतल्या गुरुजींशी आणि बाईंशी. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबारकडे हा शब्द आता घरोघरी माहीत आहे, त्यामुळे एएस म्हणजे वाहक आणि एसएस म्हणजे रुग्ण, हे सांगत बसत नाही.

धानाच्या बांधीत पाणी नेणारा पाट डोळ्यांपुढे आणा. त्यात चिंचोके सोडले तर गडगडत निघून जातील. विळे सोडून पाहा! एक काठाला अडकेल, त्यात दुसरा गुंतेल, पाट तुंबेल आणि खालची बांधी भेगाळेल. निरोगी तांबडी पेशी गोल, लवचिक असते. 120 दिवस जगते. सिकलसेलची पेशी प्राणवायू देऊन झाला की विळ्यासारखी वाकते आणि 10 ते 20 दिवसांत मोडते. म्हणून अंगात रक्त टिकत नाही. पेशी अडकली की पलीकडचं हाड रक्तावाचून ठणकू लागतं. ते ढोंग नसतं हो!

आता पाटातलं पाणीच आटलं तर? विळे आणखी लवकर अडकतील. अंगातलं पाणी कमी झालं की पेशीतलं हिमोग्लोबिन दाटतं आणि पेशी वाकते. त्यात या मुलांच्या मूत्रपिंडाला पाणी राखून ठेवता येत नाही, म्हणून लघवी जास्त होते. मूल तासाला दोनदा हात वर करतं आणि आपण म्हणतो, "बस खाली!"

एप्रिलमध्ये सातवीतली एक मुलगी पाय पोटाशी घेऊन माझ्यासमोर खाटेवर पडली होती. पाणी का पीत नाहीस, विचारलं. म्हणाली, "पाणी पेलं का बाहीर जा लागते, मंग बाई रागावते." सकाळपासून ती एक पेला पाण्यावर होती.

पाण्याने आजार बरा होत नाही. हायड्रॉक्सीयुरिया, फॉलिक ॲसिड डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे चालूच ठेवायचं; ताप आला तर उद्यावर ढकलायचं नाही. पण पाणी तर आपल्या हातात आहे ना? पुन्हा सांगते, पाणी.

लग्नाआधीच्या तपासणीचं राहूनच गेलं. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस असण्याची 25 टक्के शक्यता असते, दर वेळी नव्याने. 'एक आजारी झालं, आता पुढची तीन सुटली' हा हिशेब... असो, स्टुडिओच्या काचेपलीकडून वेळ संपल्याची खूण होते आहे. बाई, बाटली बाकावरच राहू द्या. आणि हात वर केला की जाऊ द्या तिला.