उतारावरचा गिअर आणि चालकाचे भान

(स्मृतिव्याख्यानमालेतील भाषण)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याच हाताखाली मी पदार्थविज्ञानाचे पहिले धडे गिरवले. पुढे एकतीस वर्षे मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम शिकविण्यात गेली. या व्यासपीठावर साहित्य, इतिहास, संगीत अशा विषयांवर मोठमोठ्या अधिकारी व्यक्तींनी विचार मांडले आहेत. त्या परंपरेत ‘मोटार कशी चालवावी’ हा विषय काहीसा रूक्ष वाटण्याचा संभव आहे. परंतु केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. म्हणजे दररोज साडेचारशेहून अधिक. ज्या प्रश्नामुळे इतकी घरे उजाड होतात, तो प्रश्न विद्येच्या मंदिरात परका मानण्याचे कारण नाही, अशी माझी धारणा आहे.

आपल्या बेळगावचे भौगोलिक स्थानही या विषयाकडे लक्ष वेधते. पूर्वेला सपाट प्रदेश, मधून पुणे-बंगळूर महामार्ग आणि पश्चिमेला सह्याद्रीची कड. गोव्याला जायचे तर जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरावा लागतो किंवा रामनगरवरून अनमोड घाट. सावंतवाडीकडे जायचे तर आंबोली. आपल्यापैकी अनेकांची सोयरीक त्या बाजूची, अनेकांच्या नोकऱ्या त्या बाजूच्या. त्यामुळे घाट उतरणे हे आपल्यासाठी सहलीपुरते काम नाही, नित्याचे आहे.

या घाटांतील अपघाताच्या बातम्यांत एक वाक्य ठरल्यासारखे येते : ‘ब्रेक निकामी झाल्याने चालकाचा ताबा सुटला.’ हे वाक्य वाचले की आपण सुस्कारा टाकतो आणि पान उलटतो. यंत्राने दगा दिला, माणूस काय करणार, असा त्याचा अर्थ आपण मनाशी लावतो. मला आज जे सांगायचे आहे ते एवढेच की, बहुतेक वेळा यंत्र दगा देत नाही. मोटारीतील प्रत्येक साधनाला एक ठरलेले काम असते आणि त्या कामातला एक वाटा चालकाकडे ठेवलेला असतो. आपण आपला वाटा उचलला नाही, की साधन उघडे पडते आणि दोष मात्र त्याच्या माथी जातो.

प्रथम ब्रेकचाच विचार करू. ब्रेक गती ‘नाहीशी’ करीत नाही. ती ऊर्जा घर्षणाने उष्णतेत बदलतो. गुरुजी वर्गात सर्वांना तळहातावर तळहात घासायला लावीत आणि ‘काय झाले?’ एवढेच विचारीत, हे येथे बसलेल्या अनेकांना आठवत असेल. ब्रेकचे सारे शास्त्र त्या प्रश्नात आहे. माणसांसह १,२०० किलो वजनाची मोटार ताशी ८० किलोमीटर वेगात असताना पूर्ण थांबविली, तर निर्माण होणाऱ्या उष्णतेने साधारण एक लिटर पाणी ३० अंशांपासून उकळीपर्यंत तापेल. आता तीच मोटार ५०० मीटर उंचीचा घाट उतरते आहे असे समजा. ती उंची गमावताना जी ऊर्जा मोकळी होते, ती सुमारे वीस लिटर पाणी तितकेच तापविण्याइतकी असते. म्हणजे आंघोळीचा एक बंब! हवेचा आणि चाकांचा विरोध त्यातील काही भाग घेतो. उरलेली सारी उष्णता चार चाकांच्या ब्रेकवर टाकायची की तिला दुसरी वाट करून द्यायची, हे चालकाने ठरवायचे असते.

ही दुसरी वाट म्हणजे गिअर. खालच्या गिअरमध्ये एक्सिलरेटरवरून पाय काढला, की चाके इंजिनला फिरवू लागतात आणि इंजिन त्यांना अडवते. जुने चालक सांगत, ‘ज्या गिअरमध्ये घाट चढशील, त्याच गिअरमध्ये उतर.’ हा नियम आजही तितकाच खरा आहे. स्वयंचलित गिअरच्या गाडीतही ‘एल’, ‘२’ किंवा हाताने गिअर बदलण्याची सोय याचसाठी दिलेली असते. ‘डी’वर दांडा ठेवून सबंध घाट ब्रेकवर उतरणे तिच्या रचनेत अभिप्रेत नाही. विजेच्या मोटारीत मोटरच जनित्र बनून गाडीला अडवते आणि बॅटरी भरते. परंतु घाटमाथ्यावर बॅटरी पूर्ण भरलेली असेल, तर त्या ऊर्जेला जागा उरत नाही आणि हा विरोध कमी होतो. हेही चालकाला ठाऊक असावे लागते.

ब्रेकवरच सारा भार टाकला तर दोन गोष्टी घडतात. एक, पॅड आणि लायनर अतिशय तापून त्यांची पकड कमी होते. पेडल घट्ट लागते, पण गाडी थांबत नाही. दुसरी अधिक घातक. आपण ज्याला ब्रेक ऑइल म्हणतो, तो द्रव हवेतील बाष्प शोषून घेतो. ‘डॉट ४’ प्रतीच्या नव्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो. त्यात बाष्प मुरले की तो १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकतो. द्रव उकळला की नळीत वाफ होते. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. मग पेडल तळापर्यंत जाते आणि चाकापर्यंत काही पोचत नाही. म्हणून सर्वसाधारणपणे दोन वर्षांनी, किंवा गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या मुदतीत, हा द्रव बदलावा. आपल्याकडील पावसाळ्याची दमट हवा पाहता ही मुदत चुकवू नये.

कार्यशाळेत आमच्याकडे अभ्यासासाठी एकदा घाटात अपघात झालेली एक गाडी आली होती. पंचनाम्यात ‘ब्रेक फेल’ असे लिहिलेले. मुलांनी चारही चाके उघडली. नळ्या शाबूत, सिलिंडर शाबूत, गळती कोठेही नाही. पॅड मात्र जळून काचेसारखे गुळगुळीत झालेले आणि द्रव चहाच्या रंगाचा. गाडी न्यूट्रलमध्ये सापडली होती. त्या गाडीतील दोघे जण घरी परतले नाहीत. मुलांपैकी एकाने विचारले, ‘सर, मग यात फेल काय झालं?’ उत्तर देण्याची गरज उरली नव्हती.

न्यूट्रलमध्ये घाट उतरण्याची ही सवय इंधन वाचविण्याच्या समजुतीतून आली आहे. कार्ब्युरेटरच्या काळात त्या समजुतीला थोडा आधार तरी होता. आजच्या इंजेक्शन पद्धतीच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असून एक्सिलरेटर सोडलेला असेल आणि इंजिन पुरेशा वेगाने फिरत असेल, तर इंधनाचा पुरवठाच बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी इंधन खर्चावे लागते. म्हणजे ज्या बचतीसाठी जीव धोक्यात घालायचा, ती बचतही पदरात पडत नाही. इंजिन बंद करून उतरणे तर याहून भयंकर. ब्रेकला साहाय्य करणारी निर्वात यंत्रणा दोन-चार दाबांत संपते, स्टिअरिंग जड होते आणि किल्ली काढली तर ते अडकूही शकते.

उतारावर पेडल मऊ लागू लागले, तर गोंधळून न जाता ते भराभर दाबून-सोडून पाहावे, एकेक गिअर खाली आणावा, हातब्रेक हळूहळू ओढावा आणि वेळ आलीच तर गाडी दरीच्या नव्हे, डोंगराच्या अंगाला घालावी. आणि थांबता आले, तर तापलेले ब्रेक निवेपर्यंत तेथून हलू नये.

आता एबीएसकडे वळू. १९७८ साली जर्मनीत मोटारीत बसविलेली ही इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींत सक्तीची झाली. जोराने ब्रेक दाबला असता चाक जागीच अडकून घसरू नये, म्हणून ती सेकंदात अनेक वेळा दाब सोडते आणि धरते. घसरणारे चाक वळत नाही. फिरणारे चाक वळते. म्हणून एबीएसचे खरे दान आहे ते ब्रेक दाबलेला असतानाही गाडी वळविता येणे. चालकाने पेडल पूर्ण ताकदीने दाबून धरावे आणि अडथळा चुकवून गाडी वळवावी, ही तिची अपेक्षा. पण पायाखाली पेडल थरथरले की अनेक जण दचकून पाय उचलतात. ती थरथर म्हणजे बिघाड नाही, यंत्रणा कामाला लागल्याची खूण आहे. ब्रेक ऑइल उकळून पेडल मऊ झाले असता ते भराभर दाबायचे आणि एबीएस चालू असता ते सोडायचे नाही, हा भेद प्रत्येक चालकाच्या पायाला माहीत असला पाहिजे. शिवाय सैल खडीवर एबीएसमुळे थांबण्याचे अंतर वाढूही शकते. एबीएस म्हणजे अंतर न ठेवण्याचा परवाना नव्हे. ताशी ८० किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला २२ मीटर जाते; तुमचा पाय ब्रेकवर पोचेपर्यंतच ही शाळेची मोठी वर्गखोली दोनदा ओलांडली जाते. वेग दुप्पट झाला की थांबण्यासाठी लागणारे ब्रेकचे अंतर चौपट होते. हा निसर्गाचा नियम आहे आणि कोणत्याही कारखान्याला तो बदलता आलेला नाही.

सुरक्षा पट्ट्याची कथाही उद्बोधक आहे. नील्स बोलिन या अभियंत्याने १९५९ साली व्होल्वो कंपनीसाठी तीन बिंदूंचा पट्टा सिद्ध केला आणि कंपनीने तो इतर उत्पादकांनाही वापरू दिला. ताशी ५० किलोमीटर वेगाने आदळणे म्हणजे जवळजवळ दहा मीटरवरून, तीन मजली इमारतीच्या गच्चीवरून, खाली पडणे. तेथून पडणारे मूल मांडीवर धरून वाचविता येईल का, हा प्रश्न प्रत्येक आईवडिलांनी स्वतःला विचारावा. पट्टा केवळ पुढच्यांसाठी आहे, ही समजूतही सोडली पाहिजे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या मोटारीला अपघात झाला. मागे बसलेले दोघेही मृत्यू पावले, पुढचे दोघे गंभीर जखमी होऊनही वाचले. मागच्या दोघांनी पट्टा बांधला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. गाडी उत्तम होती, पट्टाही जागेवर होता. त्याचे काम करण्याची संधी त्याला मिळाली नाही.

एअरबॅग ही पट्ट्याला पूरक आहे, पर्याय नव्हे. ती पापणी लवण्याआधी स्फोटासारखी फुगते. पट्ट्याविना पुढे फेकला गेलेला माणूस तिच्यावर भलत्याच क्षणी आदळतो. म्हणून छाती आणि स्टिअरिंग यांत किमान २५ सेंटिमीटर अंतर असावे, आणि लहान मुलांना पुढच्या आसनावर बसवू नये. पट्टा न बांधता इशाऱ्याची घंटा बंद पाडणारी खोटी कडी बाजारात मिळू लागली, तेव्हा २०२३ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला तिची ऑनलाइन विक्री थांबविण्याचे आदेश द्यावे लागले. आपला जीव वाचविणाऱ्या यंत्राचे तोंड बंद करण्यासाठी आपण पैसे मोजतो, याला काय म्हणावे?

पावसाळ्यात कणकुंबी आणि आंबोली परिसरात धुके इतके दाटते, की बॉनेटपुढचे दिसत नाही. अशा वेळी अनेक जण हेडलाइटचा झोत वर करतात. धुक्याचे कण तो प्रकाश परत आपल्याच डोळ्यांवर फेकतात. तेथे खालचा झोत हवा आणि वेग दिसणाऱ्या अंतरात थांबता येईल एवढाच हवा. चारही इंडिकेटर एकदम लावून गाडी चालविण्याची पद्धतही अशीच फसवी आहे. ते दिवे उभ्या गाडीची सूचना देण्यासाठी आहेत. ते लागलेले असताना आपण कोठे वळणार, हे मागच्याला कळण्याचा मार्गच राहत नाही. आणि अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला उतरणाऱ्याने वाट द्यावी, हा नियम आहे. कारण चढावर थांबून पुन्हा निघणे अधिक कठीण.

अलीकडच्या काही मोटारी पुढच्या गाडीपासून अंतर राखतात, पट्ट्यांच्या मध्ये राहण्यास मदत करतात, प्रसंगी स्वतः ब्रेकही लावतात. या प्रगतीचे मी मनापासून स्वागत करतो. पण रस्त्यावरचे पट्टे पुसलेले असतील, कॅमेऱ्यावर चिखल उडाला असेल, वळणावर म्हैस उभी असेल, तेथे या यंत्रणेची दृष्टी अपुरी पडू शकते. तिचे नावच साहाय्यक असे आहे. साहाय्यकाच्या हाती घर सोपवून मालकाने झोपावे, असे कोणी करीत नाही.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी पुष्कळांना अजून परवान्याचे वय यायचे आहे. पण गाडीत तुम्ही रोज बसता. पट्टा बांधण्याची आठवण वडिलांना, काकांना करून देणे यात उद्धटपणा नाही. आणि माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती अशी की, नवी गाडी घेतल्यावर पेढे वाटण्याआधी कप्प्यातली पुस्तिका एकदा तरी वाचावी; दारापाशी लिहिलेला हवेचा दाब पाहावा; मोकळ्या सुरक्षित मैदानावर एबीएसची थरथर एकदा पायाला दाखवून ठेवावी; आणि या पावसाळ्याआधी ब्रेक ऑइल केव्हा बदलले होते, ते तपासावे. या कामांना फार खर्च नाही. घाटाच्या माथ्यावर दुसऱ्या गिअरमध्ये दांडा टाकायला तर एक पैसाही लागत नाही.

 आज येथून परतताना आपल्यापैकी काहींना रात्रीचा घाट उतरायचा आहे. सावकाश जा, आणि पोचल्यावर घरच्यांना कळवा.