माहुलचा मनोरा



वैद्याच्या घरीं ओव्याचा अर्क काढतांना ज्यांनीं पाहिलें असेल, त्यांना माहुलचे तेल शुद्ध करण्याचे कारखाने समजावून सांगण्यास मला फारसे कष्ट पडणार नाहींत. भांडें तापवावयाचें, निघालेली वाफ थंड करावयाची आणि थेंबथेंब गोळा करावयाचा, तत्त्व एवढेंच. शाळेंत मी मुलांना हेंच उदाहरण देत असें.

मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर हे दोन कारखाने शेजारीशेजारीं उभे आहेत. १९५४ व १९५५ सालीं परकीय कंपन्यांनीं ते सुरू केले. १९७४ व १९७६ सालीं ते सरकारकडे आले. जवाहर द्वीपाच्या धक्क्यास लागलेल्या जहाजांतून कच्चें तेल समुद्राखालच्या नळांनीं येतें. तें भट्टींत सुमारें ३५० अंशांपर्यंत तापवून उंच मनोऱ्यांत सोडतात. मनोरा म्हणजे जणूं एखादी चाळ. तळमजला सर्वांत उष्ण, माथा सर्वांत थंड. ज्या वाफेला जेथें सोसेल तेथें ती थिजून उतरते. तळाशीं काळा गाळ राहतो, त्याचेंच पुढें रस्त्याचें डांबर होतें. त्यावर डिझेल, त्यावर रॉकेल, त्यावर पेट्रोलचा अंश, आणि अगदीं माथ्यावरून आपल्या शेगडीचा वायु. (यानंतरही पुष्कळ संस्कार होतात, ते सांगत बसलों तर माझी वेळ संपेल.)

त्यांतील एक मात्र सांगितलाच पाहिजे, गंधक काढून टाकण्याचा. १ एप्रिल २०२० पासून देशांतील पेट्रोल-डिझेलमध्यें दशलक्ष भागांत गंधकाचे १० च भाग चालतात. आपल्या गाडीचा धूर त्यामुळें निवळला. परंतु कुंपणापाशीं राहणाऱ्यांचें काय? टाक्यांतून, आणि तेल भरतां-उतरवितांना, जीं बाष्पें उडून जातात, तीं या चाळीच्या कोणत्याच मजल्यावर उतरत नाहींत. रहिवाशांच्या तक्रारीवरून डिसेंबर २०१५ मध्यें राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें माहुलच्या हवेपासून आरोग्यास धोका असल्याचें मान्य केलें. दोष एकट्या कारखान्यांचा नव्हे, शेजारच्या खासगी साठवणींचाही, हें येथें सांगितलें पाहिजे.

आणि त्यानंतरही, तानसा जलवाहिनीच्या कडेच्या झोपड्या हटविल्यावर, हजारों कुटुंबांना राहावयास माहुलच्याच इमारती दाखविण्यांत आल्या! तीं माणसें न्यायालयांत गेलीं. सप्टेंबर २०१९ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें, त्यांच्यावर माहुलची सक्ती करूं नये व दुसरीकडे घर घेण्यास दरमहा १५,००० रुपये भाडें द्यावें, असा हुकूम केला.