एका चहाच्या हॉटेलाची गोष्ट

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात चारठाणा येथील एका निवृत्त शिक्षकांनी केलेले भाषण)



आम्ही कोणी विद्वान नव्हे. मॅट्रिकची परीक्षा उतरून शिक्षकाच्या पेशात शिरलो, जिल्हा परिषदेच्या शाळांतून मुलांना बाराखडी आणि पाढे शिकविले, आणि केस पिकल्यावर निवृत्त होऊन चारठाण्यास घरी येऊन बसलो. तेव्हा आमच्या बोलण्यात पांडित्य शोधू नये. जे पाहिले, जे ऐकले आणि जे मनास लागून राहिले, तेवढेच सांगणार आहोत.

आजच्या सभेपुढे मुख्य विषय आहे तो परभणी येथे बांधावयाच्या विद्यार्थी वसतिगृहाचा. चिटणीसांनी नियमावलीचा मसुदा आम्हांस आगाऊ वाचावयास दिला. त्यातील तिसऱ्या कलमापाशी आम्ही थांबलो. त्यात म्हटले आहे की, वसतिगृहात प्रवेश केवळ आपल्या ज्ञातीतील विद्यार्थ्यांसच मिळेल. या कलमाविषयी बोलण्यापूर्वी आम्ही आपणांस एका हॉटेलाची गोष्ट सांगू इच्छितो. वसतिगृहाच्या सभेत हॉटेल कशास, असे कोणास वाटेल. परंतु थोडा धीर धरावा, ही विनंती.

आपल्या खेड्यापाड्यांत हॉटेल म्हणजे काय, हे सर्वांस ठाऊक आहे. पत्र्याचे छप्पर, दोन बाकडी, धगधगती भट्टी, तिच्यावर उकळणारा चहा आणि परातीतील भजी. सन 1965 च्या सुमारास आम्ही वडिलांबरोबर अशाच एका हॉटेलात बसलो होतो. ते कोणाचे व कोणत्या गावचे, हे सांगण्याचे कारण नाही. तसली हॉटेले तेव्हा गावोगाव होती. आम्ही आत बाकावर बसून बशीतून चहा पीत होतो. बाहेर कुडाच्या खाचेत दोन कान तुटके कप ठेवलेले होते. आमच्याच वर्गातील एका मुलाचे वडील आले. त्यांनी त्यातील एक कप स्वतः काढला, स्वतः विसळला आणि पुढे धरला. हॉटेलवाल्याने वरून चहा ओतला. उभ्यानेच पिऊन, कप पुन्हा धुऊन, त्यांनी तो जागच्या जागी ठेवला आणि पैसे उंबऱ्यावर ठेवून ते निघून गेले. तो मुलगा वर्गात आमच्या शेजारी बसत असे. आम्ही त्या दिवशी काही विचारले नाही आणि वडिलांनीही काही सांगितले नाही. चहा मात्र गोड लागला. आज त्या गोडीची आम्हांस लाज वाटते.

वस्तुतः तेव्हा आपली राज्यघटना अमलात येऊन पंधरा वर्षे झाली होती. 26 जानेवारी 1950 पासून लागू झालेल्या त्या घटनेच्या पंधराव्या कलमात दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले, विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांची नावे घेऊन सांगितले आहे की, तेथे जातीच्या कारणावरून कोणास अटकाव करता येणार नाही. सतराव्या कलमाने अस्पृश्यताच नष्ट केली, आणि 1955 साली तिच्या पालनास शिक्षा सांगणारा कायदाही झाला. एवढ्या मोठ्या ग्रंथात हॉटेलाचा वेगळा उल्लेख का करावा लागला, हे आम्हांस पुस्तकापेक्षा त्या कुडातील दोन कपांनी अधिक चांगले शिकविले.

आता ज्या हॉटेलाविषयी बोलावयाचे, ते कोल्हापूर शहरातील. काही वर्षांपूर्वी आमचे चिरंजीव पुढील शिक्षणासाठी कोल्हापुरास गेले. परक्या गावी ना नातेवाईक, ना ओळख. आणि आमच्या पगारात खोली घेऊन देणे झेपणारे नव्हते. तेथे त्यांस एका बोर्डिंगात जागा मिळाली. ते बोर्डिंग आपल्या ज्ञातीचे नव्हते. दुसऱ्याच एका समाजाने आपल्या मुलांसाठी वर्गणी काढून बांधलेले होते. परभणी जिल्ह्यातील एका मास्तराच्या मुलास त्यांनी जात न विचारता खाट दिली आणि पंगतीत बसविले. आम्ही सपत्नीक अंबाबाईच्या दर्शनास गेलो, तेव्हा त्या बोर्डिंगातील एक वृद्ध गृहस्थ आम्हांस शहर दाखविण्यास बरोबर आले. भाऊसिंगजी रस्त्यावरून जाताना ते थांबले आणि म्हणाले, "मास्तर, याच रस्त्यावर महाराज चहा पीत असत." त्यांनी तेथे उभ्या उभ्या जी हकीकत सांगितली, ती कोल्हापुरात घरोघर ठाऊक आहे, आपल्या भागात मात्र ती फारशी सांगितली जात नाही.

ती अशी. राजर्षी छत्रपती शाहू महाराजांच्या पदरी गंगाराम कांबळे नावाचे एक महार समाजातील गृहस्थ चाकरीस होते. घोड्यांच्या पागेकडे त्यांचे काम असे. एके दिवशी त्यांनी तेथील पाण्याच्या हौदास स्पर्श केला. एवढ्या अपराधाबद्दल वरच्या म्हणविणाऱ्या जातींच्या चाकरांनी त्यांस बेदम मारले. महाराजांच्या कानी ही गोष्ट जाताच त्यांनी मारणाऱ्यांस कडक शासन केले. परंतु महाराज तेवढ्यावर थांबले नाहीत. चाकरीत राहून हा मनुष्य कायम दुसऱ्याच्या धाकात राहील, हे त्यांनी ओळखले आणि गंगारामांस स्वतंत्र धंदा काढण्यास सांगून पाठबळ दिले. गंगारामांनी भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचे हॉटेल काढले. नाव ठेवले 'सत्यसुधारक'.

नाव सुंदर होते, चहा उत्तम होता. पण गिऱ्हाईक येईना. महाराच्या हातचा चहा कोणी प्यावा? हौदास हात लावला म्हणून ज्यास मारले, त्याने उकळलेले पाणी कोण पिणार? ही बातमी महाराजांस कळली. तेव्हा त्यांनी एक साधा, पण विलक्षण मार्ग काढला. फेरफटक्यास निघाले की त्यांचा खडखडा त्या हॉटेलापुढे उभा राही. महाराज गंगारामांस हाक मारून चहा मागवीत, स्वतः पीत आणि बरोबरच्या ब्राह्मण व मराठा मंडळींसही पाजीत. छत्रपतींनी पुढे केलेला कप नाकारण्याची छाती कोणाची? असेही सांगतात की, सही-शिक्क्याच्या कामासाठी आलेल्या लोकांस महाराज तेथेच बोलावीत. आधी चहा, मग सही. ज्यांनी महाराजांसमवेत एकदा तो चहा घेतला, त्यांस दुसऱ्या दिवशी तो विटाळाचा म्हणण्याची सोय उरली नाही. असे करीत करीत हॉटेल चालू लागले.

बंधूंनो, याच महाराजांनी 26 जुलै 1902 रोजी मागासलेल्या वर्गांसाठी नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवल्या. 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. 1919 साली विहिरी, धर्मशाळा, शाळा व दवाखाने येथे अस्पृश्यता पाळू नये, असे हुकूम काढले. मार्च 1920 मध्ये माणगावच्या परिषदेत त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा गौरव केला. एवढे अधिकार हाती असूनही त्यांस हे पक्के ठाऊक होते की, हुकमाने विहीर मोकळी होते, मन मोकळे होत नाही. मन मोकळे करावयाचे तर आपण स्वतः जाऊन बाकावर बसावे लागते.

6 मे 1922 रोजी महाराज मुंबई येथे निवर्तले. पुढे 1925 साली कोल्हापुरातील नर्सरी बागेत त्यांचे स्मारक उभे राहिले, आणि ते उभारण्यात पुढाकार होता याच गंगाराम कांबळे यांचा व त्यांच्या बांधवांचा. महाराजांचे पहिले स्मारक म्हणून ते ओळखले जाते. मोठमोठे सरदार, इनामदार, श्रीमंत होते. पण पहिले स्मारक उभारले ते एका चहावाल्याने. एक कप चहाची परतफेड याहून मोठी ती काय असणार?

आता तिसऱ्या कलमाकडे वळू. कोणी म्हणतील, शाहू महाराजांनीच तर जातवार बोर्डिंगे काढविली. हे खरे आहे. 1901 साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, 1906 साली मुस्लिम बोर्डिंग, 1907 साली लिंगायत बोर्डिंग, 1908 साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, अशी ती मालिका आहे. पण त्याआधी 1896 साली त्यांनी सर्व जातींच्या मुलांसाठी एकच वसतिगृह काढून पाहिले होते. तेथे एकाच पुढारलेल्या जातीची मुले भरली आणि मागे पडलेल्यांस जागा उरली नाही, म्हणून त्यांनी प्रत्येक समाजास आपापले घर बांधण्यास उत्तेजन दिले. ती घरे म्हणजे मागे पडलेल्या मुलांना वर चढण्याच्या शिड्या होत्या. एकमेकांपासून तोडणाऱ्या भिंती नव्हेत. पुढे त्यातील एका बोर्डिंगाने आमच्या मुलास खाट दिली नसती, तर आज तो नोकरीस लागला नसता, आणि आम्ही येथे ताठ मानेने बोलत उभे राहिलो नसतो.

दुसऱ्या बाजूचे म्हणणे आम्हांस समजते. वर्गणी देणारे बहुतेक लोक गरीब आहेत. कोणी जोंधळ्याचे पोते विकून पैसे दिले, कोणी मुलीच्या लग्नासाठी ठेवलेल्यातून काढून दिले. त्यांच्या मुलास जागा न मिळता परक्याच्या मुलास मिळाली, तर त्यांस वाईट वाटेल, आणि ते योग्यच आहे. म्हणून आमची सूचना एवढीच की, पहिला हक्क आपल्या गरजू मुलांचा असावा. पण 'केवळ' आणि 'च' हे शब्द काढून टाकावेत. चाळीस खाटांपैकी निदान आठ खाटा गरज पाहून इतर समाजांच्या मुलांस द्याव्यात, आणि त्यात ज्यांच्या आजोबांनी कुडातील कपाने चहा घेतला, त्यांच्या नातवांचा विचार आधी व्हावा. स्वयंपाकघर एक, पंगत एक आणि पाण्याचा माठ एक असावा.

आमच्या चारठाण्यास जुनी कोरीव मंदिरे आहेत, उंच स्तंभ आहे, पायऱ्यापायऱ्यांची देखणी बारव आहे. दूरदूरचे अभ्यासक ती पाहण्यास येतात आणि आम्हांस अभिमान वाटतो. परंतु जुन्या काळी मराठवाड्यातील कितीतरी बारवांच्या पायऱ्या सर्वांस सारख्या मोकळ्या नव्हत्या, हेही आम्ही विसरू नये. दगड कितीही सुबक घडविला, तरी तहानेलेल्यास त्यावरून खाली उतरता आले नाही, तर त्या कारागिरीचा उपयोग काय? आपण उद्या जी इमारत बांधणार, तिच्याकडे पाहून शंभर वर्षांनी आपल्या पणतवांनी मान खाली घालावी, असे काही तिच्या नियमांत राहू नये.

आम्ही निवृत्तिवेतनावर जगणारे. मोठी देणगी देण्याचे सामर्थ्य आमच्यात नाही. पण आमच्या सौभाग्यवतींशी विचार करून आम्ही ठरविले आहे की, वसतिगृहाच्या स्वयंपाकघरास चहाचे एक मोठे पातेले आणि चाळीस कपबशा आम्ही देऊ. सर्व कप एकाच घडणीचे, एकाच रंगाचे असतील आणि ते एकाच फळीवर ठेवले जावेत, एवढीच आमची अट. तिसऱ्या कलमाचा निर्णय सभेने करावयाचा आहे. तो काहीही झाला तरी कपबशा आम्ही देऊच. पण चाळिसांपैकी आठ कप आपल्या घराबाहेरच्या मुलांच्या हाती गेले, तर त्या जुन्या हॉटेलात गिळलेले आमचे मौन थोडे तरी हलके होईल.