काल, कल आणि गई काल



१९७१ साली पृथ्वीराज, राज आणि रणधीर कपूर अशा तीन पिढ्या एकाच चित्रपटात आल्या. नाव होतं 'कल आज और कल'. पहिला 'कल' गेलेला, दुसरा यायचा. २००३ मधल्या 'कल हो ना हो' या गाण्यातला 'कल' म्हणजे उद्या. आपल्या बडोद्याच्या गुजरातीतही 'गई काल' आणि 'आवती काल'. मराठीत मात्र काल तो काल, उद्या तो उद्या. घरातलं मूल 'काल येईन' म्हणालं की आपण हसतो आणि सोडून देतो. तिथे प्रेमाने टोकायला हवं.

'उंच माझा झोका' मालिकेने रमाबाई रानडे घरोघरी पोहोचवल्या. 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' चित्रपटाने दादासाहेब फाळक्यांची १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'साठीची धडपड दाखवली. हे पाहून मुलांना वाटतं, मराठी माणसाचा काल म्हणजे पुण्या-मुंबईचा. पण हेच फाळके आपल्या बडोद्याच्या कलाभवनात शिकले, हे किती मुलांना ठाऊक आहे?

आपले पणजोबा इथे कोणत्या नोकरीवर आले, दांडिया बाजारात राहिले की आणखी कुठे, हे कुठलीही मालिका सांगणार नाही. ते आपणच, आरतीनंतर प्रसाद वाटताना, मराठीत सांगू या. नाहीतर मुलांकडे 'कल' उरेल, आपला काल उरणार नाही.

गणपती बाप्पा मोरया!